एकाच फर्म्यावरून कमानी खिडकी: विटांपासून पडद्यापर्यंत

राजापूरकडे आमचं चिऱ्याचं घर आहे. पडवी बंद करून तिथं खोली काढायचं ठरलं, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीत अर्धगोल कमानीची खिडकी करायची हे माझ्या मनात पक्कं होतं. गवंड्याला सांगितलं, गाळा (खिडकीची मोकळी जागा) चार फूट. सुतारालाही तेच सांगितलं. गवंड्यानं कमान बांधली, सुतारानं आपल्या अंगणात चौकट जोडली. महिन्याभरानं चौकट टेम्पोतून उतरवून भिंतीला लावली तर खाली नीट बसली, माथ्यालाही टेकली, पण दोन्ही खांद्यांपाशी चार-चार सूत, म्हणजे अर्धा-अर्धा इंच अडली. कमान खांद्यात किंचित आत आली होती. सागाची चौकट तासायची की कमानीच्या विटा, यावर आम्ही अर्धी दुपार अंगणात उभे होतो. शेवटी लाकूड तासलं. त्या दोन जागी चौकट आजही बारीक दिसते.

दोष त्या दोघांचाही नव्हता. चार फूट हे रुंदीचं माप झालं, गोलाईचं नव्हे. पुढच्या दोन खिडक्यांच्या वेळी मी सगळ्यात आधी प्लायवूडचा एक फर्मा, म्हणजे गोलाईचा नमुना, कापून घेतला. गवंडी, सुतार, काचवाला, शिंपी, सगळ्यांनी त्याच्यावरूनच काम केलं. पुन्हा कुठे काही अडलं नाही. तीच पद्धत इथे लिहिते आहे.

खरी कमान की दिसायला कमान

पहिला निर्णय हा घ्या, कारण खर्च, वेळ आणि जोखीम त्यावर ठरते.

खरी कमान भिंतीचा भार स्वतः घेते. तिची प्रत्येक वीट शेजारच्या विटांमध्ये दाबली गेलेली असते आणि भार त्या दाबातून दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरतो. वसईच्या किल्ल्यात गेलात तर छपरं कधीच गेलेली दिसतील, पण चर्चच्या दगडी कमानी अजून उभ्या आहेत. दाब जोवर बाजूच्या भिंती पेलतात तोवर कमान पडत नाही. म्हणूनच बाजूची भिंत महत्त्वाची. खिडकी घराच्या कोपऱ्याजवळ असेल तर कमान कोपरा बाहेर ढकलते. बाजूला गाळ्याच्या निम्मी तरी सलग भिंत नसेल तर मी खरी कमान करत नाही. कमान जितकी चपटी तितका बाहेरचा रेटा जास्त, हेही लक्षात असू द्या.

दिसायला कमान म्हणजे वर सरळ आरसीसी लिंटल (गाळ्यावरची आडवी तुळई), भार सगळा त्याच्यावर, आणि खाली फक्त गोलाईचा आकार. यात कमीपणा काही नाही. आपल्या जुन्या वाड्यांतल्या लाकडी महिरपी तशाच आहेत: भार वरची तुळई घेते, महिरप खांबांच्या मधोमध शोभेला बसवलेली असते. आरसीसी खांब-तुळयांचं घर असेल, भिंत चार किंवा सहा इंची असेल, किंवा आहे त्या चौकोनी खिडकीला गोलाई द्यायची असेल, तर हाच मार्ग घ्या.

जुन्या घरात भार घेणाऱ्या भिंतीत नवा गाळा काढायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि वरच्या वाशांना किंवा स्लॅबला टेकू दिल्याशिवाय एक चिराही हलवू देऊ नका. शिवाय आमच्या भागात ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण म्हाताऱ्या माणसांकडून अजून ऐकू येते. त्यामुळे कमान खरी असली तरी तिच्या वर भिंतभर फिरणारा आरसीसी पट्टा मी घालूनच घेते.

मापं आणि फर्मा

पुढची सगळी मापं आमच्या खिडकीची आहेत: गाळा १२० सेंटिमीटर, भिंत नऊ इंची, खाली ९० सेंटिमीटर उंचीचा चौकोन आणि त्यावर अर्धगोल. अर्धगोलाची उंची गाळ्याच्या निम्मी, म्हणजे ६०. खिडकीची खालची कड जमिनीपासून ७५ वर धरली तर चौकोन १६५ वर संपतो आणि कमानीचं पोट, म्हणजे तिची आतली कड, २२५ वर जातं. विटांची दोन कडी (एकावर एक दोन गोल थर) धरून बांधकाम साधारण २४६ पर्यंत पोचतं. खोलीची उंची दहा फूट असेल तर हे छान बसतं.

उंची कमी असेल तर अर्धगोलाऐवजी चपटी कमान करा. तिची त्रिज्या काढायची रीत सोपी आहे. गाळ्याच्या वर्गाला कमानीच्या उंचीच्या आठपटीनं भागा आणि उत्तरात उंचीचा निम्मा मिळवा. १२० चा गाळा आणि २० उंची असेल तर १४४०० भागिले १६० म्हणजे ९०, अधिक १०, त्रिज्या १०० सेंटिमीटर. म्हणजे केंद्र कमानीच्या माथ्याखाली बरोबर एक मीटरवर येतं.

आता फर्मा. आठ बाय चारची बारा मिलिमीटरची एक प्लाय घ्या. गोल काढायला दोरी वापरू नका, ताणली की रेघ दोन सूत पुढे-मागे होते. लाकडी पट्टीच्या एका टोकाला खिळा मारा, मोजून भोकं पाडा आणि त्यांत पेन्सिल घालून फिरवा. प्लायच्या कडेला ६० त्रिज्येचा अर्धगोल काढून नीट कापा. हा फर्मा. त्याच केंद्रावरून त्याच्या अंगावर आणखी दोन रेघा काढा: ५९ वर चौकटीची बाहेरची कड, ५२ वर चौकटीची आतली कड. केंद्रावर आरपार भोक ठेवा, मधोमध उभी रेघ मारा आणि कोणती रेघ कशाची ते तिथंच लिहा. उरलेल्या प्लायमध्ये सेंटरिंगच्या, म्हणजे कमानीखालच्या तात्पुरत्या ढाच्याच्या, दोन अर्धगोल चकत्या आरामात निघतात.

विटांचं पोट आणि चौकट यांत सगळीकडे एक सेंटिमीटर मोकळी जागा राहते. ती लागतेच. पावसाळ्यात लाकूड फुगतं.

सेंटरिंग

कमानीच्या पोटाखाली तात्पुरता ढाचा उभा करायचा. ५८ त्रिज्येच्या दोन चकत्या कापा, त्या समोरासमोर धरून मध्ये लाकडाचे ठोकळे ठोका आणि वरून दोन सेंटिमीटर जाडीच्या अरुंद पट्ट्या गोलाईवर मारा. ५८ अधिक २, झाले ६०. ढाच्याची जाडी भिंतीपेक्षा दोन सेंटिमीटर कमी ठेवा, म्हणजे भिंतीच्या तोंडाला लावलेली दोरी त्याला घासत नाही. पट्ट्या मारून झाल्यावर फर्मा वर धरून बघा. कुठे उजेड दिसला तर तिथे पट्टी रंध्यानं सारखी करा. आमच्या पहिल्या खिडकीला हे पाच मिनिटांचं काम झालं असतं तर चौकट वाचली असती.

ढाचा खांबांवर ठेवताना खांब आणि ढाचा यांच्यामध्ये प्रत्येक ठिकाणी दोन पाचरी उलटसुलट घाला. पुढे ढाचा उतरवायचा तो पाचरी हळूहळू सैल करून. ठोकून खाली पाडलेला ढाचा विटा घेऊन येतो. वर प्लास्टिकचा कागद अंथरा, म्हणजे मसाला पट्ट्यांना चिकटत नाही.

सेंटरिंग टाळायची एक युक्ती आहे. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात बांधलेल्या घरांत ती दिसते: दोन्ही बाजूंनी विटांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढत नेऊन मध्ये मिळवायचा. स्वस्त आहे, सुंदरही आहे, पण आकार पायऱ्यांचा त्रिकोण येतो, गोल येत नाही.

विटा रचणं

बांधकामाचा सगळा नाजूकपणा इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

वीट भिंतीच्या आरपार आडवी जाते. तिची दहा सेंटिमीटरची बाजू केंद्राकडून बाहेर आणि सात सेंटिमीटरची जाडी गोलाईच्या दिशेनं. आपल्याकडच्या विटा एकसारख्या नसतात, म्हणून दहा विटा एकावर एक रचून उंची मोजा आणि दहानं भागा. आमची सरासरी सात आली. कमानीच्या पोटाची लांबी ६० गुणिले ३.१४, म्हणजे १८८.५ सेंटिमीटर. पंचवीस विटा घातल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ७.५४ येतात, म्हणजे आतून दरज (दोन विटांमधली मसाल्याची फट) साधारण साडेपाच मिलिमीटर. विटांची संख्या विषम ठेवा. बारा डावीकडून, बारा उजवीकडून आणि माथ्यावर एक.

बाहेरच्या बाजूला मात्र दरज रुंद होते. दहा सेंटिमीटर बाहेर गेलं की लांबी २२० होते आणि दरज १८ मिलिमीटर. एवढी चालते. पण काही जण वीट उभी करून एकाच कड्यात २३ सेंटिमीटर खोली घेतात. तेव्हा बाहेरची दरज ३४ मिलिमीटरवर जाते आणि कमान विटांची न राहता मसाल्याची होते. म्हणून दहा-दहाची दोन कडी करा. दुसरं कडं पहिल्याच्या वर एक सेंटिमीटर मसाला देऊन, म्हणजे ७१ त्रिज्येवर. तिथे २९ विटा बसतात आणि दरज पुन्हा सात मिलिमीटरच्या आसपास येते. एकूण ५४ विटा लागतात, साठ भिजवून ठेवा.

ढाच्यावर दोन्ही कडांना पेन्सिलनं पंचवीस भाग आखून घ्या. मसाला एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू. दोन्ही बाजूंनी सारखेच वर या: इकडे तीन, तिकडे तीन. एकच बाजू पुढे गेली तर ढाचा कलतो. केंद्रावर खिळा ठोकून त्याला दोरी बांधा आणि प्रत्येक विटेची मधली रेघ त्या दोरीच्या ओळीत आहे का ते बघत जा. इथे दोरी चालते, कारण आता फक्त दिशा बघायची आहे. माथ्याची वीट बसवायच्या आधी ती कोरडीच घालून बघा. ती हातानं सैल जात असेल तर दरजा जास्त दाटल्या आहेत, अडत असेल तर सैल पडल्या आहेत. शेवटच्या चार-पाच विटा काढून पुन्हा लावा. शेवटच्या विटेला जाड मसाला भरून वेळ मारून नेऊ नका.

गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारा. मी ढाचा दहा दिवस ठेवते. मग पाचरी अर्धा इंच सैल करून एक रात्र तसंच राहू देते आणि दुसऱ्या दिवशी काढते. कमानीच्या खांद्यांवर दोन्हीकडे भिंत भरून येईपर्यंत माथ्यावर जड काही ठेवू नका.

चिरा तासून कमान करणारे कारागीर कोकणात अजून आहेत. खाणीतून नुकता निघालेला चिरा तासायला मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. त्यामुळे तासायचं काम लवकर करून घ्यावं लागतं. त्यांनाही फर्मा द्या. त्यांना तो गवंड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

चौकट

लाकूड वाकवून गोल चौकट होते असं बऱ्याच जणांना वाटतं. घरगुती कामात ती तुकड्यांची होते: रुंद फळीतून गोल तुकडे कापून टोकाला टोक जोडायचं. किती तुकडे करायचे हे फळी किती रुंद मिळते यावर ठरतं. ५९ आणि ५२ च्या रेघांसाठी अर्धगोलाचे दोन तुकडे केले तर २२.२ सेंटिमीटर रुंदीची फळी लागते, तीन केले तर १४, चार केले तर ११. सागाची नऊ इंची निर्दोष फळी महाग पडते आणि दोन तुकड्यांत टोकाशी लाकडाचे धागे आडवे येऊन तिथं ते तुटतं. मला तीन तुकडे योग्य वाटतात, सहा इंची फळीत तासायला जागा ठेवून बसतात. सुताराला फर्म्यावरच तुकडे मांडून जोडायला सांगा. फळीवर आखताना फर्मा तिरका फिरवून बघा, गाठी टाळता येतात.

चौकोन जिथं संपतो आणि गोल सुरू होतो तिथे एक आडवी पट्टी द्या. गोल भाग बंद काचेचा आणि उघडणारी झडपं खालच्या चौकोनात. गोल माथ्याची उंच झडपं दिसायला फार सुंदर असतात, पण आत उघडायला गेलं की झडपेचा मधला उंच कोपरा फिरत बिजागरीच्या बाजूला येतो. तिथे कमान खाली उतरलेली असते आणि झडप भिंतीला आपटते. तशीच हवी असतील तर चौकट भिंतीच्या बाहेरच्या तोंडाला बसवा आणि झडपं बाहेर उघडा. कोकणच्या पावसात मी तो धोका पत्करत नाही.

चौकटीच्या भिंतीकडच्या बाजूला डांबराचा हात द्या, वाळवीला आणि ओलीला दोन्हींना उपयोगी. होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) उभ्या बाजूंना तीन-तीन, गोलात दोन.

गोल भागातल्या उभ्या गजांची लांबी सुतार अंदाजानं कापतो आणि वाया घालवतो. हिशेब शाळेतलाच आहे: ५२ च्या वर्गातून मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग वजा करा आणि वर्गमूळ घ्या. मधला गज ५२, त्यापासून १२ वरचा ५०.६, २४ वरचा ४६.१, ३६ वरचा ३७.५ आणि ४८ वरचा बरोबर २०. प्रत्येकात खालच्या-वरच्या भोकांसाठी चार सेंटिमीटर मिळवा.

काच

काचवाल्याला मापं सांगू नका. चौकट बसल्यावर आतून पुठ्ठा लावून खाचेची रेघ काढा, फर्म्याशी ताडून बघा, सगळीकडून तीन मिलिमीटर कमी करा आणि तो पुठ्ठा द्या. पुठ्ठ्यावर 'आत' आणि 'बाहेर' लिहा. टफन्ड काच हवी असेल तर आकार आधी कापून मग ती भट्टीत जाते. नंतर तिची कड एक मिलिमीटरही घासता येत नाही. एवढ्या अर्धगोलाची पाच मिलिमीटरची काच साडेपाच किलो भरते, म्हणून खालून रबराचे दोन तुकडे द्या आणि पट्ट्या बाहेरून नाही, आतून मारा.

सूर्यकिरणांसारखे भाग हवे असतील तर पाच करा, प्रत्येकी ३६ अंशांचा. विषम संख्येत एक भाग मधोमध उभा राहतो आणि डोळ्याला बरं वाटतं. आमच्या पश्चिमेच्या खिडकीत कडेच्या दोन भागांत पिवळी काच आहे. संध्याकाळी साडेपाचला जमिनीवर पडणाऱ्या त्या दोन पाकळ्यांसाठी माझी आई खुर्ची सरकवून बसते.

पाऊस आणि बाहेरची किनार

छज्जा कमानीच्या दुसऱ्या कड्याच्या वर किमान सहा इंच सोडून घाला. तो कड्याला चिकटला की कमान दबलेली दिसते. छज्ज्याच्या खालच्या कडेला एक खाच ठेवा, म्हणजे पाणी तिथंच टपकतं, भिंतीकडे धावत नाही. खिडकीखालचा पाट बाहेर उतरता हवा, आत सपाट चालेल.

बाहेरून गिलावा करणार असाल तर कमानीभोवती उठावाची पट्टी काढून घ्या. पत्र्याला हवा तो आकार कापा, तो लाकडी दांड्याच्या टोकाला ठोका आणि दांड्याचं दुसरं टोक केंद्रावरच्या खिळ्यात अडकवा. ओला गिलावा थापून दांडा फिरवत जायचं. पाच-सहा फेऱ्यांत स्वच्छ गोल किनार उमटते. यासाठी आडव्या पट्टीवर मधोमध तात्पुरती फळी ठोकून केंद्र पक्कं करावं लागतं, तेवढं विसरू नका. विटा उघड्या ठेवणार असाल तर दरजा ओल्या असतानाच अर्धा इंच खरवडून ठेवा आणि नंतर भरा.

फ्लॅटमधल्या चौकोनी खिडकीला गोलाई

बाहेरून सोसायटी हात लावू देत नाही, आतून करता येते. खिडकीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत फर्म्यावरून कापलेल्या प्लायच्या चकत्या उभ्या करा. त्यांच्या पोटाला बारा मिलिमीटरची प्लाय वाकवून लावायची. तिच्या मागच्या बाजूला सेंटिमीटर-सेंटिमीटरवर करवतीनं आडव्या खाचा पाडा, पण पुढचे दोन-अडीच मिलिमीटर अखंड राहू द्या. वाकवायच्या आधी पुढच्या बाजूला ओलं फडकं फिरवा आणि मधून सुरुवात करून दोन्हीकडे दाबत जा. आठ मिलिमीटरची फ्लेक्सी (सहज वाकणारी) प्लाय मिळत असेल तर खाचांची गरजच नाही. काच सरकायची असेल तर कडीपर्यंत हात पोचतो ना, हे आधी बघा.

पडदा

एवढं करून कमान पडद्यामागे झाकायची नसते. तीन वाटा आहेत.

सगळ्यात सोपी म्हणजे आडव्या पट्टीवर दांडी लावून फक्त चौकोनाला पडदा द्या, गोल उघडा ठेवा. रस्ता जवळ नसेल तर हेच उत्तम. दुसरी, दांडी कमानीच्या माथ्यावर दहा सेंटिमीटर घ्या आणि दोन्हीकडे फूटभर बाहेर काढा, म्हणजे पडदे उघडल्यावर पूर्ण कमान मोकळी दिसते. झोपायच्या खोलीला ही बरी.

तिसरी म्हणजे गोलात चुण्यांचा पंखा. पश्चिमेच्या उन्हाला याच्यासारखा उपाय नाही. आतल्या गोलाची लांबी १६३ सेंटिमीटर आहे. कापड तिच्या दीडपट ते पावणेदोनपट घ्या. दुप्पट घेतलं तर मध्यावर कापडाचा गोळा होतो आणि शिवता येत नाही. साडेपाच मीटरच्या जुन्या सुती साडीची निम्मी लांबी पावणेतीन मीटर, म्हणजे बरोबर बसते. उंची ६१ सेंटिमीटर कापा: त्रिज्या ५२, गोलाकडे वळवायला चार, मध्याकडे पाच. साडीचा काठ गोलाच्या बाजूला ठेवा.

शिवायचं असं. काठाच्या मागे वेल्क्रोची मऊ पट्टी १६३ लांब घ्या आणि तिच्यावर कापड सारख्या चुण्यांनी बसवा. चुण्यांच्या खुणा फर्म्याच्या ५२ च्या रेघेवर आखून घेतल्या तर डावी-उजवी बाजू जुळते. मध्याच्या कडेला जाड दोऱ्याचे दोन धावते टाके घाला, ओढून गाठ मारा आणि वर कापडाचं गोल बटण शिवा. वेल्क्रोची खरखरीत पट्टी चौकटीच्या आतल्या अंगाला बारीक खिळ्यांनी मारा, नुसता गोंद पावसाळ्यात सुटतो. आधी मध्य अडकवा, मग माथा, मग डावी-उजवीकडून खाली या.

गोल काच बंद असल्यामुळे तिच्यामागे ओल साचते. जूनच्या आधी पंखा काढून धुऊन ठेवा आणि दसऱ्याला परत लावा. लावताना वेल्क्रोचा मध्य चटकन सापडावा म्हणून पट्टीवर लाल दोऱ्याचा एक टाका घालून ठेवा.